कंपनीचा टेप काढून नवी सिस्टीम : खेड्यातल्या गाडीत काय बसवावं?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २०१३ ची स्विफ्ट व्हीडीआय आहे. गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. गाडीचं काम म्हणजे बाजार समिती, आईचा दवाखाना, आणि महिन्यातून अनेकदा अकोला-अमरावती. कंपनीचा टेप अजून ठणठणीत आहे. सीडी, यूएसबी, रेडिओ सगळं चालतं. ब्लूटूथ तेवढं नाही, आणि अडचण तिथंच आहे. फोन आला की गाडी बाजूला घ्यावी लागते. आमच्या भागातली काळी माती ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, पावसाळ्यात डांबर सोडून चाक खाली उतरलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. गाडी चालवताना फोन हातात धरणं मला पटत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये तो सरळ गुन्हाच आहे.

या स्विफ्टचा टेप डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेला आहे, चौकोनी डबा ओढून काढला असं होत नाही. एका दुकानदारानं सांगितलं, नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीनवाला सेट लावा, तासाभरात वायर तोडून जोडून देतो. दुसरा म्हणाला, ब्रँडेड घ्या, पण स्क्रीन लहान मिळेल. वायर तोडायचं ऐकूनच मी परत आलो.

मला हवंय ते असं : फोनवर नीट बोलता यावं, आईला रेडिओ ऐकता यावा, पेनड्राइव्हवरची भजनं आणि कीर्तनं लागावीत, आणि मे महिन्यात बाजार समितीच्या आवारात दिवसभर उन्हात उभी राहिली तरी सिस्टीम टिकावी. जाणकारांनी सांगावं.

झाडीपट्टी

भाऊ, मी गोंदियाकडचा. माझ्या वॅगनआरमध्ये नऊ इंची अँड्रॉइड आहे आणि मी समाधानी आहे जी. मागचा कॅमेरा लावला, गल्लीतून गाडी मागे घेताना लेकरं कुठं आहेत ते दिसतं. आमच्या गल्लीत लेकरं गाडीमागेच खेळतात, म्हणून मला या एका गोष्टीसाठी तो खर्च वसूल वाटतो. नकाशा मोठा दिसतो. फोनवर बोलणं जमतं, फक्त माइक वेगळा घेऊन आरशाजवळ लावा. सेटच्या तोंडावरच्या बारीक छिद्रातल्या माइकवर समोरच्याला एसीचा घोंघाटच जास्त ऐकू जातो.

एक काळजी घ्या. डब्यावर रॅम आणि अँड्रॉइडचा जो आकडा छापलेला असतो तो खरा असेलच असं नाही. स्वस्त सेटमध्ये सेटिंगच्या पानावर खोटा आकडा दाखवायची सोय करून ठेवलेली असते. दुकानात सेट चालू करून स्वतः हाताळा. नकाशा उघडा, सोबत गाणं लावा, मग मागे-पुढे करा. अडखळत असेल तर गाडीत अजून अडखळेल.

तारजोडी

पूर्णाकाठ भाऊ, वायर तोडू दिली नाही हे फार चांगलं केलं. माझं पांढरकवड्याकडे ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. तुटलेल्या वायरींच्या गाड्या आमच्याकडे येत राहतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकार. बाजारातले सेट जर्मन मापावर चालतात, त्याला डिन म्हणतात. सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन म्हणजे १८० बाय १०० मिलिमीटर. तुमच्या स्विफ्टचा मूळ टेप या मापाचा नाही. त्यामुळे गाडीच्या मॉडेलप्रमाणे एक फ्रेम मिळते, ती डॅशबोर्डच्या खाचेत बसते आणि तिच्या आत डबल डिन सेट बसतो. नऊ-दहा इंचीवाल्यांची फ्रेम वेगळी. फ्रेम घेताना सेटसोबत दुकानातच लावून पाहा, कड वर राहिली तर खेड्यातल्या रस्त्यावर ती जन्मभर कुरकुरत राहील.

आता वायरी. कंपनीच्या वायरिंगला हातही लावायची गरज नसते. तुमच्या गाडीचं कपलर मिळतं. एका टोकाला मारुतीचा प्लग, दुसऱ्या टोकाला नव्या सेटच्या वायरी. जोडकाम जे काही करायचं ते या कपलरवर करायचं, गाडीच्या वायरिंगवर नाही. उद्या सेट बिघडला, गाडी विकायची झाली, तर कपलर काढा आणि जुना टेप परत लावा. म्हणून जुना टेप आणि त्याची फ्रेम दुकानात सोडू नका, घरी आणून ठेवा.

रंग पाठ करून ठेवा, कारागिरासमोर उभं राहताना कामी येतात. पिवळी म्हणजे बॅटरीची कायम सप्लाय. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी. काळी अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारी. निळी अँटेनाची, निळी-पांढरी अँप्लिफायरला जागं करणारी. केशरी म्हणजे हेडलाइट लावल्यावर स्क्रीनचा उजेड कमी करणारी. स्पीकरचे चार जोड : पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. प्रत्येकीच्या जोडीला त्याच रंगावर काळी रेघ असलेली वायर, ती वजा. या वजा वायरी कधीच बॉडीला अर्थ करू नयेत, सेटच्या आतली आयसी, म्हणजे आवाजाची चिप, उडते.

लाल आणि पिवळी यांची अदलाबदल होऊ देऊ नका. पिवळीला चावीवरची सप्लाय दिली तर गाडी बंद केली की घड्याळ, स्टेशन, फोनची जोडणी सगळं पुसलं जाईल. लालला कायमची सप्लाय दिली तर सेट झोपतच नाही. आवाज नसला तरी एक अँपिअरच्या आसपास ओढत राहतो आणि ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दीड दिवसात बसते. लग्नाला गेलात, गाडी दोन दिवस मांडवाबाहेर उभी राहिली, की धक्का मारायची वेळ. कितीतरी लोक अशा वेळी बॅटरी बदलतात आणि नवीही बसली की मग आमच्याकडे येतात.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं वजा टर्मिनल काढायला लावा. जोड पिळून नुसती टेप गुंडाळलेला नको. आमच्या उन्हात टेपचा डिंक वितळतो, वायर मोकळी होते. क्रिंप किंवा डाग देऊन वरून हीट श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी, नळी, एवढा आग्रह धरा. वाद झाला तरी चालेल.

वैनगंगा

मी ब्रह्मपुरीहून गडचिरोलीकडे रोज जाते-येते, शिक्षिका आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. सेट बदलल्यावर लोकांना वाटतं आवाज सुधारेल. सेट बदलून मिळते ती सोय. आवाज खऱ्या अर्थानं बदलतो तो स्पीकरमुळे. पैसे मोजकेच असतील तर साधा ब्लूटूथवाला सेट आणि पुढच्या दारांत चांगले साडेसहा इंची स्पीकर घ्यावेत. मागचे कंपनीचे राहू द्यावेत, ऐकणारा माणूस पुढे बसलेला असतो.

डब्यावरच्या "५० वॅट गुणिले ४" ला भुलू नका. हा आकडा कुठून येतो ते मी हिशेब करून पाहिलं. गाडी चालू असताना व्होल्टेज साधारण १४.४. स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे जवळजवळ ५२. पण हे त्या व्होल्टेजवर ताणून धरलेलं टोक झालं, गाणं असं वाजत नाही. स्वच्छ आवाजासाठी त्याच्या निम्मंच, म्हणजे २६ वॅट, तेही आतला तोटा न धरता. प्रत्यक्षात १८ ते २२ वॅट मिळाले की सेट चांगला समजायचा. बहुतेक सेट, वेगळ्या अँप्लिफायरशिवाय, १२ व्होल्टच्या गाडीत ४ ओहमच्या स्पीकरवर याच्या फार पुढे जात नाहीत. म्हणून स्पीकर घेताना "३०० वॅट" वाचू नका, सेन्सिटिव्हिटी वाचा, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो ते. ९० डेसिबलच्या वर असलेला घ्या. तीन डेसिबल जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजाला अर्धी ताकद लागते.

आणि दाराचं पॅनेल उघडतील तेव्हा आतला प्लास्टिकचा पडदा फाडू देऊ नका. तो धूळ अडवायला आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. काचेतून आत उतरलेलं पावसाचं पाणी गाडीत येऊ नये म्हणून तो असतो. आमच्याकडचा पाऊस असा की पडदा फाटला तर पायाखालची चटई ओली राहणार आणि महिनाभरात कुबट वास सुटणार.

तारजोडी

वैनगंगा ताई, एक नंबर. यातलं एक वाक्य मी दुकानात लिहून लावणार आहे.

भर घालतो. एका चॅनेलवर दोन स्पीकर समांतर जोडू नका. ४ ओहमचे दोन समांतर झाले की २ ओहम होतात, सेट तापतो आणि आतलं संरक्षण सर्किट आवाज बंद करतं. लोक म्हणतात सेट खराब निघाला. आणि फ्यूज १० किंवा १५ अँपिअरचा जो दिला आहे तोच. उडाला म्हणून ३० चा टाकणं किंवा तारेचा तुकडा लावणं म्हणजे गाडीला आग लावायची तयारी.

स्पीकरची अधिक-वजा तपासायला मीटरही नको. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा. कोन बाहेर ढकलला गेला तर सेलच्या अधिकला टेकलेली वायर अधिक. चारही एकाच दिशेनं हलायला पाहिजेत. एक उलटा असेल तर ढोलकीचा बसका सूर गायब होतो, कितीही महाग स्पीकर असो. हे फक्त मोठ्या स्पीकरवर करा, ट्वीटरवर, म्हणजे बारीक सुराच्या छोट्या स्पीकरवर, नको.

मेळघाटवाट

राम राम राजेहो. माह्याजवळ बोलेरो आहे, परतवाडा ते धारणी फेऱ्या असतात. घाट चढला की लय ठिकाणी फोनले रेंजच नसते, त्याच्यानं "ऑनलाइन गाणे, ऑनलाइन नकाशा" सांगणाऱ्यायचं एवढं मनावर घेऊ नका. नकाशा घरूनच उतरवून घ्या, गाणे पेनड्राइव्हमधी भरा. पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट करून घ्या, लय सेटले दुसरा प्रकार वाचताच येत नाही.

दुसरं म्हणजे हादरे. सेट पुढून फ्रेमले स्क्रूनं धरला असते, मागून लोंबकळते. वजनदार सेट असन तं मागच्या बोल्टाले लोखंडी पट्टी लावून डॅशबोर्डच्या आतल्या सांगाड्याले आवळून घ्या. कारागीर कंटाळा करते, पण सांगा त्याले. पट्टी नसली की खड्ड्यागणिक मागचे प्लग ढिले होते, मंग कधी डावा स्पीकर बंद, कधी कॅमेरा काळा.

सीडीवाला नवा सेट घ्या असं कोनी म्हनन तं नाही म्हना. धूळ लेन्सवर बसते. बिना सीडीचाच घ्या, खोलगटही कमी असते, मागं वायरीले जागा भेटते.

वाशीमवाट

धागा वाचून धीर आला म्हणून माझा प्रश्नही इथेच विचारतो. वेगळा धागा काढत नाही.

कारंज्याला राहतो. वडिलांची गाडी आहे, तिच्यात मोठ्या स्क्रीनची सिस्टीम बसवली. सगळं छान, रेडिओ मात्र बिघडला. जुन्या टेपवर अकोला १०२.४ आणि यवतमाळ १०२.७ दोन्ही लागायचे. आता यवतमाळ लागतं, तेही खरखरत. अकोला १०२.३ वर थोडं फाटकं ऐकू येतं. नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर वडील लहानपणापासून ऐकतात, ते तर आकड्यातच येत नाही, ५८० नंतर थेट ५९०. बाबांनी काही म्हटलं नाही, पण आता ते घरचा जुना ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन गाडीत बसतात. मला ते पाहवत नाही. सेट परत करावा का?

तारजोडी

परत करू नका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही दुरुस्त होतात.

पहिली : तुमचा सेट अमेरिकेच्या रेडिओ विभागावर आहे. तिकडे मध्यम लहरींची स्टेशनं १०-१० किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, आपल्याकडे ९-९ च्या. ५८५ ला नऊनं भाग जातो, दहानं जात नाही, म्हणून ५८० वरून उडी मारून ५९०. एफएमवरही तिकडे दशांशानंतर विषम आकडाच येतो. १०२.७ सापडतं, १०२.४ सापडत नाही. सेटिंगमध्ये रेडिओ विभाग किंवा रेडिओ रीजन असं काहीतरी असेल, तिथे एशिया किंवा युरोप करा. काही सेटमध्ये ते फॅक्टरी सेटिंगच्या मागे कुलपात असतं, त्याचा आकडी पासवर्ड विकणाऱ्याकडून घ्या.

दुसरी : खरखर. पुष्कळ गाड्यांत छतावरच्या अँटेनाच्या बुडाशी बूस्टर असतो, तो रेडिओचा सिग्नल वाढवतो. त्याला १२ व्होल्ट लागतात आणि ते निळ्या वायरीतून जातात. बसवणाऱ्यानं ती निळी वायर गुंडाळून तशीच सोडली असणार, कारण तिच्यावाचून सेट चालू होतो आणि शहरात रेडिओही लागतो. शहरातल्या दुकानासमोर टॉवर जवळ असतो, तिथे कुणाच्या लक्षात येत नाही. आपण खेड्यात, केंद्रापासून लांब, आपल्याला बूस्टर पाहिजेच. मागे अँटेनाचा प्लग पूर्ण बसला आहे ना तेही पाहा. प्लगचा आकार जुळत नसेल तर अ‍ॅडॉप्टर मिळतो, ठोकून बसवायचा नाही.

आणि रेडिओ तपासताना सिगारेट लायटरमधला मोबाइल चार्जर काढून ठेवा. स्वस्त चार्जर आणि डॅशकॅम यांची घरघर मध्यम लहरींवर सगळ्यात आधी येते.

वैनगंगा

हे वाचून मी माझ्या सेटचं सेटिंग तपासून आले. तोही अमेरिकेवरच होता. चंद्रपूर १०३.० मला इतके दिवस तुटक का ऐकू येत होतं ते आज कळलं. सेट घेताना मध्यम लहरी आहेत का हेही विचारलं पाहिजे, काही नव्या सेटमध्ये फक्त एफएमच असतं.

पूर्णाकाठ

तारजोडी भाऊ, वैनगंगा ताई, मेळघाटवाट दादा, मनापासून आभार. वाशीमवाट यांनी प्रश्न विचारला नसता तर रेडिओचं मलाही सुचलं नसतं, आणि आईसाठी तर रेडिओच मुख्य आहे.

उन्हाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, आणि आमच्याकडे ४५ हे तर दर उन्हाळ्याचं. बंद गाडीत डॅशबोर्डवर हात ठेववत नाही. मोठ्या स्क्रीनचं काय होतं?

झाडीपट्टी

मी अँड्रॉइडवाला, तरी आहे तसं सांगतो. दुपारी गाडीत बसल्यावर सेट कधी कधी उघडायलाच वेळ घेतो, मध्येच बंद होऊन परत चालू होतो. आतला प्रोसेसर आधीच तापट, त्यात हे ऊन. काच खाली करून गाडी पाच मिनिटं थंड होऊ दिली की मग सेट चालू करतो. समोरच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावतो, त्यानं खूप फरक पडला. स्क्रीन डॅशबोर्डच्या वर उभी राहणारी असेल तर ऊन थेट पडतं. खाचेत आत बसणारी डबल डिन त्या मानानं सावलीत राहते. तुमची गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहणार असेल तर मीही तुम्हाला खाचेत बसणारीच घ्या म्हणेन.

मेळघाटवाट

माह्या बोलेरोत बटनवाला आहे, टचवाला नाही. आवाज कमीजास्त करायले गोल बटन पाह्यजेच. घाटात वळनावर स्क्रीनवर बोट फिरवत बसता येत नाही, बटन कसं न पाहता फिरवता येते. उन्हाचा त्याले फरक पडला नाही.

तारजोडी

मेळघाटवाट दादांचं पटतं. पूर्णाकाठ भाऊ, तुमच्या गरजा पाहता माझा सल्ला असा : नावाजलेल्या कंपनीचा डबल डिन, बिना सीडीचा, गोल बटण असलेला, ब्लूटूथ आणि वेगळा माइक असलेला, एफएमसोबत मध्यम लहरी असलेला. नकाशा पाहिजेच असेल तर अँड्रॉइड ऑटोवाला, म्हणजे डोकं फोनचं वापरलं जातं आणि सेट जुना होत नाही. त्याला केबल मात्र चांगली डेटावाली लागते, चार्जिंगपुरती केबल चालत नाही. कॅमेरा कोणत्याही अशा सेटला नंतर लावता येतो, मागच्या रिव्हर्स लाइटवरून १२ व्होल्टची खूण द्यायची.

एक वायर राहिली, हँडब्रेकची. गाडी उभी असेल तेव्हाच चित्रपट दिसावा म्हणून ती असते. बहुतेक कारागीर ती अर्थला टाकून देतात आणि चालत्या गाडीतही चित्र सुरू राहतं. तुम्ही ती हँडब्रेकच्या स्विचलाच जोडून मागा.

वाशीमवाट

विभाग बदलला, ५८५ लागलं. निळी वायर खरंच गुंडाळून काळ्या टेपमध्ये होती. गावातल्याच इलेक्ट्रिशियननं जोडली. अकोला स्वच्छ येतंय. यवतमाळ दारव्ह्याच्या बाजूला गेलो की अगदी खणखणीत.

पूर्णाकाठ

फार बरं वाटलं वाचून.

मी डबल डिन घ्यायचं ठरवलं. फ्रेम आणि कपलर अकोल्याहून आणतो, बसवायला तारजोडी भाऊंकडेच यावं म्हणतो, कपाशीच्या वेचण्या आटोपल्या की. एवढ्या लांबून येतोय तर पुढचे स्पीकरही त्याच दिवशी होतील का, की गाडी रात्री ठेवावी लागेल?

तारजोडी

एका दिवसात होतं, सकाळी नऊच्या आत पोचा. स्पीकर घेताना खोली मोजून घ्या, काच पूर्ण खाली केल्यावर मागच्या चुंबकाला लागता कामा नये. स्पीकरसोबत प्लास्टिकची गोल कडी मिळते तीही आणा, इकडे मिळत नाही.